पेटीमास्तरांचं नाव काय होतं?

गावात नाटक असलं की माझी झोपायची जागा ठरलेली असायची. ऑर्गनच्या उजव्या हाताला, तबल्याच्या रिकाम्या पिशवीला टेकून. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव. धान कापून झालेलं, मोकळ्या बांधीत मंडप उभा, खाली तणस पसरलेली. दिवसभर शंकरपट, रात्री नाटक. घरोघरी लेकी-जावई आलेले, कारण महिनाभर आधीपासून 'नाटकाले येजा बरं' असा निरोप गेलेला. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक उजाडायला आलं की संपायचं. मी पहिल्या अंकातच झोपायचो आणि ऑर्गनच्या आवाजानं मधूनमधून जागा व्हायचो.

एका वर्षीचं नाटक नावासकट विसरलो आहे. त्यातला एक प्रसंग मात्र विसरलेलो नाही. दुसऱ्या अंकात नायिकेचं गाणं होतं. पहिली ओळ म्हणून ती बाई थांबली. रोज वेगळ्या गावात रात्रभर उभं राहून तिचा आवाज बसला होता. मंडपात कुणाला काही कळायच्या आत मास्तरांनी षड्ज धरून ठेवला. मग पुढची ओळ ऑर्गनवर एकट्यानं वाजवली. त्यानंतरची अर्धीच वाजवली आणि हात उचलला. उरलेली अर्धी तिच्यासाठी ठेवली होती. तिनं ती जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. पुढचं सगळं गाणं असंच झालं, अर्धं बोटांनी, अर्धं आवाजानं. गाण्याला वन्समोअर मिळाला. लोकांना वाटलं, चाल अशीच बांधलेली आहे.

त्या मास्तरांचं नाव मला माहीत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

न्यूपोर्ट, ३ जुलै १९६०

पुढे शिकायला पुण्यात आलो. खोलीत चौघं, प्रत्येकाच्या कानात आपापले इअरफोन. एका मित्रानं एक रेकॉर्डिंग पाठवलं. मडी वॉटर्स या शिकागोच्या ब्लूज गायकाचं, १९६० सालच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातलं. मित्र म्हणाला, गिटार ऐक, माउथ ऑर्गन ऐक. माझं लक्ष भलतीकडेच गेलं. मागे कुणीतरी पियानो वाजवत होतं. गायक ओळ संपवून श्वास घ्यायचा, तेवढ्या फटीत ती बोटं येऊन जायची. गायकाच्या आधी कधी नाही, त्याच्यावर कधी नाही. गायकानं ओळ लांबवली की पियानो थांबायचा आणि वाट पाहायचा. ही वाट पाहणारी बोटं मी कुठेतरी ऐकली होती. तणशीवर झोपून ऐकली होती.

त्या पियानोवाल्याचं नाव ओटिस स्पॅन. जन्म मिसिसिपीतला, आयुष्य शिकागोत गेलं. पन्नाशीच्या दशकापासून तो मडी वॉटर्सच्या बँडमध्ये होता. शिकागोच्या साउथ साइडला स्मिटीज कॉर्नर नावाच्या क्लबात हा बँड नेमानं वाजवायचा. दिवसा कारखान्यात किंवा कत्तलखान्यात राबलेली, दक्षिणेतून स्थलांतर करून आलेली काळी माणसं रात्री तिथं नाचायला यायची. 'ब्लूज म्हणजे रडगाणं' हा समज तिथल्या गिऱ्हाइकांना हास्यास्पद वाटला असता. ते नाचायचं संगीत होतं. दुःख त्यात होतंच, पण पायांना थांबवणारं नव्हतं.

न्यूपोर्टच्या त्या महोत्सवात आदल्या दिवशी बाहेर दंगल झाली होती, आणि महोत्सव अर्ध्यावर बंद करायचं ठरलं. कवी लँग्स्टन ह्यूज तिथं हजर होते. त्यांनी तारेच्या फॉर्मवर निरोपाचं एक गाणं लिहून दिलं. मडी वॉटर्स थकले होते. ते गाणं गायलं ओटिस स्पॅननं. एरवी मागे बसणारा माणूस त्या दिवशी शेवटचं बोलला, तेही ऐनवेळी हातात आलेल्या कागदावरून. झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला यात काही अजब वाटणार नाही. आमच्याकडे नट वेळेवर पोचला नाही की त्याचं काम पेटीवाल्यानं निभावून नेल्याच्या गोष्टी गावोगाव सांगतात.

स्पॅन कळायचा असेल तर त्याच साली ध्वनिमुद्रित झालेला 'ओटिस स्पॅन इज द ब्लूज' हा अल्बम ऐका. ढोल नाही, बास नाही. फक्त स्पॅनचा पियानो आणि रॉबर्ट लॉकवुड ज्युनियर यांची गिटार. डाव्या हातानं तो चालण्याची लय धरतो, उजव्यानं बोलतो. बँडमध्ये असताना जे तो फटींत करायचा, ते इथं उघड्यावर येतं. आणि एक गोष्ट लक्षात येते: एकटा वाजवतानाही तो जागा सोडतोच. साथ करणाऱ्याची सवय सुटत नाही.

दोन पट्ट्यांच्या मधला सूर

आता थोडं यंत्राबद्दल, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

ब्लूजचा जीव ज्या सुरांत आहे ते पियानोवर नाहीतच. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी तो सूर असतो. गायकाला तो गळ्यातून काढता येतो. गिटारवाला तार ओढून काढतो. माउथ ऑर्गनवाला श्वासानं रीड वाकवतो. पियानोवाला काय करणार? त्याच्यापुढे एक काळी पट्टी आणि एक पांढरी पट्टी. मधे काही नाही.

मग ब्लूजच्या पियानोवाल्यांनी एक युक्ती काढली. बोट काळ्या पट्टीवर टेकवायचं आणि तिथून लगेच शेजारच्या पांढऱ्यावर घसरवायचं. कोमल गंधार पुरता वाजण्याआधीच शुद्ध गंधार येतो. कधी दोन्ही एकदम दाबायचे, एकमेकांवर घासायचे. कानाला वाटतं, मधला सूर वाजला. प्रत्यक्षात तो वाजलेला नसतो. ऐकणाऱ्यानं तो स्वतःच्या मनात पुरा केलेला असतो.

आपल्याकडे हाच आरोप पेटीवर झाला. मींड निघत नाही, श्रुती नाहीत, विलायती यंत्र आहे. १९३०च्या दशकात दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फौल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नको होती. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमला स्टुडिओबाहेर काढलं, आणि ती बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. तीस वर्षं देशाच्या अधिकृत कानाला पेटी चालत नव्हती. त्याच तीस वर्षांत गावोगावची भजनं, कीर्तनं, तमाशे आणि नाटकं पेटीवर चालली होती.

गंमत अशी की मडी वॉटर्सच्या बँडमधला माउथ ऑर्गन आणि आपली पेटी ही एकाच घराण्यातली वाद्यं. दोन्हींत पितळेची बारीक जीभ हवेनं थरथरते. माउथ ऑर्गनमध्ये ती हवा माणसाच्या तोंडातून येते, म्हणून सूर वाकवता येतो. पेटीत ती भात्यातून येते, म्हणून वाकत नाही. नाटकातल्या पायऑर्गनला मात्र एक सोय होती. भाता पायांकडे गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे झाले. डावा हात खालचे सूर धरू लागला, उजवा गाऊ लागला. आणि पायाच्या दाबानं आवाज फुगवता, ओसरवता येऊ लागला. सूर वाकवता येत नव्हता, पण त्याचा श्वास कमी-जास्त करता येत होता.

आमचे मास्तर हेच करायचे. गायक कोमल स्वरावरून वर चढायला लागला की ते नुसता कण देऊन सोडायचे आणि पाय हलका करायचे. ऑर्गन मागे सरकायचा, गळा पुढे यायचा. जो सूर आपल्याला काढता येत नाही तो दुसऱ्याला काढू द्यायचा आणि त्याच्याखाली जमीन धरून राहायचं. मला वाटतं साथीची हीच व्याख्या आहे, शिकागोत आणि सौंदडमध्येही.

म्हणून पट्ट्यांच्या वाद्याला भाव नाही, हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. त्याची उणीव खरी आहे. पण या दोन्ही ठिकाणच्या वाजवणाऱ्यांची कला त्या उणिवेतूनच आली. सगळे सूर हाताशी असते तर दुसऱ्यासाठी जागा सोडायची गरज कुणाला पडली असती?

जंगल, रेल्वे आणि रात्र

ही तुलना कुणाला ओढूनताणून केलेली वाटेल. शिकागोचा क्लब कुठे, बांधीतला मंडप कुठे. पण ब्लूजचा पियानो शिकागोत जन्मला नाही. टेक्सस, लुइझियाना, मिसिसिपीच्या जंगलांत लाकूडतोडीचे तळ होते. तिथल्या मजुरांसाठी दारूच्या पिंपांच्या खोल्या असत आणि खोलीत एक पियानो असे. वाजवणारे रेल्वेनं या तळावरून त्या तळावर फिरत. त्या संगीताला नाव पडलं बॅरलहाउस. त्याच्या डाव्या हातातली लय आगगाडीच्या चालीवरून आली, असं अनेक जण मानतात.

आमचीही झाडीच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा वैनगंगेच्या आजूबाजूचा जंगलाचा आणि धानाचा मुलूख. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, पण नाटकांचा नकाशा जिल्ह्यांच्या रेषा पाळत नाही. तो पाळतो गोंदिया-बल्लारशा रेल्वे. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड. मधलं वडसा, म्हणजे देसाईगंज, ही आमची नाट्यपंढरी. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं ओळीनं आहेत. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की गावचे लोक तिथं जाऊन नाटक ठरवतात, आणि होळीपर्यंत गाड्या भरून नट, पडदे, ऑर्गन रोज नव्या गावाला निघतात. कलाकार दिवसा गाडीत झोपतात.

तुलनेला मर्यादाही आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. ब्लूजच्या मागे गुलामगिरी आहे, कापसाच्या मळ्यांतली वेठ आहे, वेगळे डबे आणि वेगळे दरवाजे आहेत. झाडीपट्टीच्या नाटकामागे दंडार आणि खडी गंमत आहे, त्यावर संगीत नाटकाचं कलम आहे. गावातल्या जातींची उतरंड मंडपाच्या दाराशी थांबत असेल असा माझा भाबडा समज नाही. पण एकाच्या दुःखाचं लेबल दुसऱ्याला चिकटवण्यात काही अर्थ नाही. मी तुलना करतोय ती दुःखाची नव्हे, कामाची. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमात, दमलेल्या कलाकारांना आणि दमून आलेल्या प्रेक्षकांना एकत्र बांधून ठेवण्याचं काम. ते दोन्हीकडे पट्ट्यांवर बसलेल्या माणसाकडे होतं.

नाटक कानानं पाहा

झाडीपट्टीच्या नाटकाबद्दल शहरात बोलताना दोनच सूर लागतात. एक कौतुकाचा: बघा, खेड्यात अजून तिकीट काढून नाटक पाहतात. दुसरा नाक मुरडण्याचा: फार भडक, सगळं ओरडून, किती गाणी. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोघांनीही नाटक पाहिलेलं असतं, ऐकलेलं नसतं.

पुढच्या मोसमात कधी आलात तर एक अंक डोळे मिटून ऐका. तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, पट्टी. नायिका काळी चारात गाते, नायक काळी एकात. द्वंद्वगीतात दोघांना एकाच पट्टीत आणायचं असतं. कुणाला किती ताण द्यायचा, हे मास्तर ठरवतात. ज्याचा आवाज आज बसलाय त्याच्या बाजूनं पट्टी झुकते. पात्रांच्या भांडणात कोण जिंकतं हे लेखकानं ठरवलेलं असतं, पण गाण्यात कोण तगतं हे मास्तर ठरवतात.

दुसरी, फटी. मंडपात हजारो लोक असतात. पोरं रडतात, कुणी चहाला उठतं, मागून कुणी नातेवाइकाला हाका मारतं. वाक्य आणि वाक्याच्या मधे शांतता ठेवली तर ती गोंगाटानं भरते. म्हणून ऑर्गन ती भरतो. दार उघडलं, दोन सूर. सासू वळली, एक सूर. विनोदी पात्र पडलं, वरून खाली घसरगुंडी. शहरी कानाला हा पार्श्वसंगीताचा अतिरेक वाटतो. खरं तर ती लक्ष टिकवण्याची पद्धत आहे. अंधार आणि शांतता विकत मिळणाऱ्या बंदिस्त नाट्यगृहात जे काम भिंती करतात, ते इथं ऑर्गन करतो. त्या अर्थानं तो आमच्या नाट्यगृहाची भिंतच आहे.

तिसरी, वाट पाहणं. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी दिसणारं. नट वाक्य विसरला, पडदा अडकला, कपडे बदलून झाले नाहीत, वन्समोअर आला, कुणी बक्षिसाची नोट घेऊन पुढे आलं. या प्रत्येक वेळी नाटक थांबतं, पण थांबलेलं दिसता कामा नये. मास्तर तोच आलाप फिरवत राहतात, नजर विंगेकडे. तिथून मान हलली की दुसऱ्या क्षणी मूळ चाल.

या तिन्ही गोष्टी संहितेत लिहिलेल्या नसतात. म्हणून संहिता वाचून या नाटकांवर लिहिणाऱ्यांना त्या सापडत नाहीत. संहिता कागदावर सामान्य वाटते, हे मीही मान्य करीन. कित्येक नाटकांत बाईचा त्याग आणि शेवटी बाईचंच मरण, हे मला आता पचत नाही. पण ऑर्गनची बाजू ऐकल्याशिवाय दिलेला निकाल एकतर्फी आहे.

पेन ड्राइव्हमधला मास्तर

पायऑर्गन आता दुर्मीळ झाला. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला, तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला. आमच्याकडे कीबोर्डलाही ऑर्गनच म्हणतात. यावर गळा काढण्यात मला रस नाही. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येते. बासरी, सनई, व्हायोलिन एका माणसाच्या हाताखाली येतात. गाडीत चढवायला तो हलका. आणि पिच बेंडचं चाक फिरवलं की दोन पट्ट्यांच्या मधला सूर खरोखर निघतो. ज्या सुरासाठी पेटीला तीस वर्षं रेडिओबाहेर ठेवलं, तो आता अंगठ्याखाली आहे.

मला खटकतं ते दुसरं. गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या दोन-तीन नाटकांत मधली नाचाची गाणी पेन ड्राइव्हवरून वाजली. आवाज मोठा, ठोका पक्का, लोक खूश. मास्तर कीबोर्डवर हात ठेवून गप्प बसलेले. एका ठिकाणी नाचणाऱ्या मुलीचा पाय मुरगळला आणि ती दोन ठोके मागे पडली. गाणं थांबलं नाही. ते थांबू शकत नव्हतंच. ते तिच्यासाठी वाजत नव्हतं. उरलेलं गाणं ती त्याच्या मागे धावत राहिली.

तेव्हा मला तो बसलेल्या आवाजाचा प्रसंग आठवला. आज ती बाई थांबली असती तर ट्रॅक पुढे गेला असता आणि सगळ्या मंडपाला तिचं थांबणं दिसलं असतं. जिवंत साथ आणि ट्रॅक यांतला फरक मला आवाजाच्या दर्जात दिसत नाही. ट्रॅक पुष्कळदा जास्त सुरेल असतो. फरक इतकाच की एक तुमच्यासाठी थांबतो आणि दुसरा थांबत नाही. चुकण्याची मुभा असलेली कला आणि नसलेली कला, या दोन वेगळ्या कला आहेत. झाडीपट्टीचे नट दिवसा शेती, मजुरी, नोकरी करणारे, मोसमात रोज जागणारे. चुकण्याची मुभा काढून घेतली तर यांतले निम्मे रंगमंचावर उभेच राहू शकणार नाहीत.

कंपनीवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वाजवणाऱ्यांचा खर्च असतो, ट्रॅकचा नसतो. २०२०च्या टाळेबंदीनं मोसम बुडवला, त्यातून सावरताना जिथं वाचेल तिथं वाचवणं आलं. मी त्यांना दोष देत नाही. फक्त वाचवलेल्या पैशात नेमकं काय विकलं गेलं, याची नोंद ठेवावी म्हणतो.

कुणाची नावं उरतात

गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष आणि ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे. तबल्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ऑर्गनचं नाव किती जणांना? पेटीवाल्यांत गोविंदराव टेंबे मात्र लक्षात राहिले. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण, त्यांनी स्वतः लिहून ठेवलं.

मुंबईत १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड नावाचा काळा अमेरिकन पियानिस्ट वाजवायचा. शिकागोत नाव कमावून तो आशियात आला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं गेला. त्याला आणि त्याच्यासोबत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना मुंबई जवळपास विसरली होती. मग नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक लिहिलं, जुने फोटो आणि तबकड्या शोधून काढल्या, आणि एक सबंध काळ परत ऐकू येऊ लागला. तो काळ थोर होता म्हणून लक्षात राहिला असं झालं नाही. कुणीतरी जाऊन विचारलं, म्हणून राहिला.

झाडीपट्टीतही विचारणारे आहेत. झाडीबोलीसाठी हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या विनोदी नटाचं नाव दिल्लीत घेतलं गेलं, आणि तो दिवस आम्ही सणासारखा साजरा केला. पण ज्याच्या सुरावर खुणेंसारख्या नटांचे हशे वसूल झाले, तो माणूस पत्रिकेवर सगळ्यात खाली असतो. 'ऑर्गन' असं लिहून पुढे एक नाव. मोसम संपला की पत्रिका चुलीत जाते.

ओटिस स्पॅन २४ एप्रिल १९७० रोजी यकृताच्या कर्करोगानं गेला. शिकागोजवळच्या बर ओक दफनभूमीत त्याला पुरलं. थडग्यावर दगड नव्हता. ज्याच्या बोटांवर शिकागोच्या ब्लूजच्या कित्येक तबकड्या उभ्या आहेत, तो जवळजवळ तीस वर्षं बिननावाच्या जमिनीखाली होता. मग एका चाहत्यानं ब्लूजच्या एका मासिकाला पत्र लिहिलं: हा माणूस इथं असा पडलाय, काहीतरी करू या. मासिकाच्या वाचकांनी पैसे पाठवले. ६ जून १९९९ रोजी दगड बसला. आमचा जिल्हा तेव्हा महिनाभराचा होता.

मला ही गोष्ट आवडते कारण तो दगड वाचकांनी बसवला. सरकारनं नाही, तबकड्या विकून पैसे कमावणाऱ्यांनी नाही.

आपल्याला दगडाचीही गरज नाही. तुमच्या खिशात जो फोन आहे, ज्यावर तुम्ही हे वाचताय, तो नाटकात कायम रंगमंचाकडे रोखलेला असतो. नायिकेची एंट्री, नाच, विनोद. या मोसमात एकदा तो शंभर अंश फिरवा. पाच मिनिटं ऑर्गनवाल्याची बोटं टिपा. अंक संपल्यावर चहा घेऊन जा आणि विचारा: नाव काय, गाव कोणतं, कुणाकडे शिकलात, पहिला ऑर्गन कुणाचा होता. फार मोठी मुलाखत नको. नाव, गाव, गुरू, वाद्य. एवढं लिहून ठेवलंत तरी वीस वर्षांनी कुणाला तरी पुस्तक लिहिता येईल.

मी हे वेळेत केलं नाही. तीन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा मास्तरांची चौकशी केली. कुणी म्हणालं ते लाखांदूरकडचे, कुणी म्हणालं ब्रह्मपुरीकडचे. कुणी त्यांना गुरुजी म्हणत होतं, कुणी मास्तर. आजीला विचारलं. तिला त्यांचा मफलर आठवत होता, हिरवा, आणि त्यांना चहात साखर चालत नसे हेही. बसलेल्या आवाजाची ती नायिका तिला पक्की आठवत होती.

"काय गायली होती बाई," आजी म्हणाली.

मी म्हटलं, अर्धं तर मास्तरांनी वाजवलं होतं.

आजीनं माझ्याकडे पाहिलं. "नाही रे, सगळं तिनंच गायलं होतं."